एरियलवरचे दोडके

लग्नानंतर माझ्या सासूबाई माझ्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या, आणि आमचे संबंध अतिशय उत्तम होते. भांडण वगैरे काही नव्हतं. माझी सासुरवाडी बीबी गावची, आणि तिकडे तेव्हा रीतच तशी होती. सासूनं जावयासमोर यायचं नाही, आलीच तर पदर नाकापर्यंत ओढून यायचं, आणि बोलायचंच झालं तर दाराआडून, तेही तिसऱ्या माणसाशी. "पाव्हण्याले इचार, अजून भाकर वाढू का," असं मामी, म्हणजे सासूबाई, माझ्या बायकोला म्हणायच्या. मी बायकोला उत्तर द्यायचो, बायको ते मामींना पोचवायची. आम्ही तिघं एकाच स्वयंपाकघरात असायचो. भाकरी तोवर गार व्हायची, पण मर्यादा शाबूत राहायची.

मी चिखलीला शाळेत विज्ञान शिकवायचो. महाराष्ट्र राज्य नवं होतं, मी मास्तरही नवा होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की आता जे जे बिघडलं आहे ते आपण दुरुस्त करून टाकू. मला रेडिओचा नाद होता. घरात एक खोकं होतं, त्यात कॉइली, कंडेन्सर, कथलाची तार आणि राळ असा माझा संसार होता. (विमलचा, म्हणजे माझ्या बायकोचा, संसार उरलेल्या जागेत होता.) मी एकाच ट्रान्झिस्टरचा एक रेडिओ स्वतः जुळवला होता. तो साबणाच्या डबीत मावायचा आणि त्याचा आवाज कानात खोचायच्या एका इअरफोनमधून यायचा. त्यावर नागपूर लागायचं. ज्या दिवशी लागे त्या दिवशी मी शाळेत सगळ्यांना सांगत असे. दर वेळी लोक नव्यानं आश्चर्य करायचे, त्यावरून किती वेळा लागत असेल ते ओळखा.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचो. त्यांचा बीबीला भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मिरच्या, कांदे, दोडके. एका वर्षी कांदा चांगला झाला आणि त्यांनी रेडिओ घेतला. गावात वीज आलेली नव्हती, त्यामुळे रेडिओ बॅटरीवर चालणारा, चार वाल्वचा, लाकडी पेटीचा. घराच्या टिनपत्र्यावर दोन बांबू उभे करून त्यांनी एरियलची नवी कोरी तांब्याची तार ताणली होती. संध्याकाळी अर्धी आळी ओट्यावर जमून बातम्या ऐके, आणि मामाजी बातम्या आपणच दिल्यासारखे मधूनमधून मान हलवत.

त्या दिवाळीत या रेडिओवर एक मोठीच गोष्ट व्हायची होती. माझी धाकटी मेहुणी कुसुम बुलढाण्याला वसतिगृहात राहून शिकत होती. तिच्या शाळेच्या मुलींना नागपूरला नेऊन त्यांची गाणी भरून घेतली होती, आणि ती भाऊबीजेच्या संध्याकाळी बायकांच्या कार्यक्रमात लागणार होती. कुसुमनं तिथं ओव्या म्हटल्या होत्या. शाळेत शिकवलेल्या नव्हेत. पहाटे जात्यावर बसून मामी म्हणायच्या त्या. मामी चिखलीच्या बाजारापलीकडे कधी गेल्या नव्हत्या. त्यांची ओवी नागपूरला जाऊन तिथून साऱ्या वऱ्हाडात ऐकू येणार होती. त्या स्वतः याबद्दल काही बोलत नव्हत्या, पण विमल सांगायची की आई हल्ली भाजीत दोनदा मीठ घालते.

आणि दिवाळीच्या तोंडावर रेडिओ मुका झाला. नुसता खरखर करी. गावातला दुसरा रेडिओ आडत्याच्या घरी होता, आणि आडत्या दिवाळीला रेडिओसकट आपल्या गावी गेला होता. मामाजी मात्र शांत होते. सगळ्यांना सांगत होते, "आमचे जवाईबापू येऊन राह्यले ना! रेडिओचे डाक्टर हायेत ते." भाऊबीजेला साऱ्या आळीला कुसुमचं गाणं ऐकायला बोलावून ते मोकळे झाले होते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आम्ही चिखलीहून एसटीनं बीबीला उतरलो. माझ्या पिशवीत पक्कड, कथील, राळ, डाग द्यायचा कैया आणि माझी साबणाची डबी होती. माझे कपडे विमलच्या पिशवीत होते आणि विमलचे कपडे, तिच्या म्हणण्याप्रमाणे, चिखलीलाच राहिले होते. मी पाय धुतले, चहा घेतला आणि थेट रेडिओसमोर मांडी घातली. मामाजी शेजारी बसले. आळीतली जाणती माणसंही येऊन बसली, ऑपरेशनला नातेवाईक बसतात तशी. मी बटण फिरवलं, खरखर ऐकली, डोळे मिटले आणि गंभीरपणे "हं" म्हणालो. या "हं"चा परिणाम फार चांगला झाला.

तेवढ्यात आतून विमल आली. म्हणाली, "आई म्हणते, बियाण्याचे दोडके तारेवर टांगले, तेव्हापासून आवाज गेला."

इथं थोडं समजावून सांगायला हवं. मामी दर वर्षी वेलावरचे चांगले दोडके बियाण्यासाठी राखायच्या. ते आत बी खुळखुळेपर्यंत वाळवायचे, तर उंदरांपासून सांभाळावे लागतात. त्यात मामाजींनी घरावर ही बारीक, गुळगुळीत, उंदराला चालता न येणारी तार ताणलेली. इतक्या वर्षांत नवऱ्यानं आपल्या सोयीची एक तरी वस्तू केली, असं मामींना वाटलं आणि त्यांनी बांबूपासून बांबूपर्यंत दोडके लटकवून टाकले.

मी हसलो. मनापासून हसलो. मग आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, सातवीच्या वर्गाला सांगतात तसं सांगितलं, की रेडिओच्या लहरी कुठल्या भाजीला अडून राहत नाहीत. दोडका ही वनस्पती आहे आणि वाल्व हे यंत्र आहे. दोघांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. मामाजींनी अभिमानानं दाराकडे वळून विचारलं, "आयकलं का?" दाराआड बांगड्या वाजल्या आणि स्वयंपाकघराकडे निघून गेल्या.

एवढं बोलून झाल्यावर मी अंगणात उतरून वर पाहिलं होतं, हेही सांगितलं पाहिजे. पत्र्यावर दोडके दिसले. पण आमच्या भागात दोडक्याचा वेल कुणाच्या छपरावर नसतो? मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मान खाली घातली आणि रेडिओ उघडला.

रेडिओला दोन बॅटऱ्या होत्या. एक लहान, दीड व्होल्टची, वाल्वच्या आतली बारीक तार तापवायला. दुसरी मोठी, नव्वद व्होल्टची, बाकीच्या कामाला. दोन्हींच्या तारा एका प्लगात येत होत्या. प्लगाच्या पिनांवर हिरवा गंज चढला होता. हाच तो बिघाड, असं मी जाहीर केलं, तारा सोडवल्या आणि पिना चिंचेनं घासून लखलखीत केल्या. अडचण एकच होती. चुलीच्या धुरानं सगळ्या तारांचा रंग सारखाच काळा झाला होता. पुन्हा जोडताना घोटाळा नको म्हणून मी खूण करायची ठरवली. जवळच लक्ष्मीपूजनासाठी मांडलेलं तबक होतं. लहान बॅटरीच्या तारांना मी हळद लावली, मोठ्या बॅटरीच्या तारांना कुंकू. ही युक्ती कुठल्याही पुस्तकात नव्हती आणि मी स्वतःवर फार खूश झालो. (पुस्तकात का नव्हती, ते दुसऱ्या दिवशी कळलं.)

काम अर्ध्यावर होतं तोच पूजेची वेळ झाली. मामाजींची रीत अशी की घरात जे जे मोलाचं ते ते पूजेला मांडायचं. वजनकाटा मांडला, मापं मांडली, कुसुमची पुस्तकं मांडली. मग ते म्हणाले, रेडिओ ही तर औंदाची खरी लक्ष्मी. पोरीचं गाणं घेऊन येणार आहे. रेडिओ जसा उघडा होता तसाच धोतराच्या घडीवर ठेवून पाटावर नेला. मामाजींनी आधी पेटीला हळदकुंकू वाहिलं. मग म्हणाले, आतल्यांनी काय पाप केलं? वाल्वला वाहिलं, स्पीकरला वाहिलं, कॉइलला वाहिलं, आणि मोठ्या भक्तिभावानं प्रत्येक तारेवरून आधी हळदीचं आणि मग कुंकवाचं बोट ओढलं.

तबक मी धरलं होतं. दोन्ही हातांनी. इतकंच नाही, पाठीमागचा एक कंडेन्सर पूजेतून राहून गेला होता, तो मीच दाखवून दिला.

पाडव्याला सकाळी मी जोडणी करायला बसलो. सगळ्या तारा सारख्याच पिवळ्या आणि सारख्याच लाल, सौभाग्यवती दिसत होत्या. मी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. समोर माणसं जमलेली. अशा वेळी "मला समजत नाही" एवढं म्हणणं सगळ्यात सोपं असतं. पण रेडिओच्या डॉक्टरला ते कसं शोभणार? मी तारा उजेडात धरल्या. एका जोडीवर कुंकू किंचित जास्त वाटलं. हीच मोठी बॅटरी, असं ठरवलं, जोडलं आणि बटण फिरवलं.

चारही वाल्व एकदम पेटल्या. इतक्या, की पेटीच्या आतून पांढरा उजेड बाहेर पडला. बॅटरीच्या रेडिओची वाल्व एरवी चालू आहे की बंद हे डोळ्यांना कळतही नाही. मामाजींनी हात जोडले. कुणीतरी "वा मास्तर" म्हणालं. मग आतून नखावर नख वाजवल्यासारखा बारीक आवाज आला आणि उजेड गेला. त्याबरोबर खरखरही गेली. आता रेडिओतून काहीच येत नव्हतं. इतकी शांतता मी त्या ओट्यावर कधी अनुभवली नव्हती.

काय झालं होतं ते मला समजलं. एका वाफ्यात सगळी विहीर सोडावी, तसं मी दीड व्होल्टच्या तारेत नव्वद व्होल्ट सोडले होते. मामाजींना मी एवढंच सांगितलं की वाल्व जळाल्या.

"साऱ्या?" त्यांनी विचारलं.

"साऱ्या."

 मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमी होते म्हनून समजलं तरी. नाहीतर आमाले काय कळलं असतं!" 

नवीन वाल्व बुलढाण्याशिवाय मिळाल्या नसत्या, आणि पाडव्याला बुलढाण्याचं कुठलं दुकान उघडं असणार? कुसुम शहाणी मुलगी. "राहू द्या ना भाऊजी, पुन्हा लागेल कधीतरी," म्हणाली. पुन्हा लागणार नव्हतं हे तिलाही माहीत होतं.  मी सासुरवाडीला असलो की पहाटे मामींच्या ओव्यांनी जाग यायची. जावई झोपलेत असं समजून त्या मोकळ्या गळ्यानं म्हणायच्या, आणि मीही त्यांचा समज मोडू नये म्हणून पांघरूण ओढून पडून राहायचो. भाऊबीजेच्या पहाटे जातं फिरलं, पण ओवी आली नाही. नुसतं दगडावर दगड फिरत होतं. ते मला फार लागलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच मला माझ्या हुशारीऐवजी दुसऱ्या कुणाबद्दल काही वाटलं.

म्हणून मी साबणाची डबी बाहेर काढली. एक ट्रान्झिस्टर, एक कॉइल, एक सेल. तिच्या भरवशावर मी चिखलीतसुद्धा कुणाला बोलावलं नसतं. पण मामाजींची एरियल लांब होती, उंच होती. जमलं तर तिच्यावर जमणार होतं. रेडिओकडे येणारी तार मी डबीला जोडली, अर्थिंगची तार मोरीजवळच्या ओल्या मातीत खोचली आणि इअरफोन कानात घातला. खरखर. डबीतली जोडणी सैल असेल म्हणून डाग द्यायला बसलो. कैया तापवायला निखारे हवेत, निखारे चुलीत, आणि चुलीवर अनारशांची कढई. राळेचा धूर स्वयंपाकघरभर झाला. त्या वर्षीच्या अनारशांना रेडिओचा वास होता. मामाजींनी तेही खाल्ले आणि चव नवीन आहे म्हणाले.

दुपारभर मी तेच करत होतो. कॉइलचा एखादा वेढा काढायचा, पुन्हा घालायचा. सेल जिभेला लावून पाहायचा. ट्रान्झिस्टरचे पाय पुसायचे. सगळं ठीक, आणि नागपूर काही लागेना. गोठ्यात मामी म्हशीला वैरण टाकत होत्या. त्यांचा आवाज अंगणापर्यंत येत होता.

"काय व चंद्रे," त्या म्हशीला म्हणत होत्या, "इतकं वजन टांगलं त तार खाली येईनच ना? तार टेकली पत्र्याले. पन आपल्याले कोन इचारते?"

मी कौतुकानं विमलला म्हणालो, "तुझी आई जनावरांशी किती मायेनं बोलते गं."

विमल माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "म्हैस निदान ऐकते तरी." आणि आत निघून गेली. बायका माहेरी आल्या की जरा तुटकच बोलतात, असं मनाशी म्हणून मी पुन्हा डबीत डोकं घातलं.

दिवस कलला. लोक यायला लागले. कुणी पोतं आणलं बसायला, कुणी घोंगडी. म्हातारी माणसं पुढे, बाया एका बाजूला भिंतीशी. मामाजी दारात उभं राहून या, बसा करत होते. मोठा रेडिओ कोनाड्यात झाकून ठेवला होता आणि त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं, घरात मयत झालेलं असताना पाहत नाहीत तसं. मी अंगणाच्या मध्ये पाटावर साबणाची डबी घेऊन बसलो होतो. कार्यक्रमाला फार वेळ उरला नव्हता. कुसुम खांबाला टेकून उभी होती आणि माझ्याकडे मुद्दामच बघत नव्हती.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि मामी बाहेर आल्या. पदर नाकापर्यंत होता, पण त्या आल्या, सगळ्यांच्या मधून चालत माझ्या पाटापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जवाईबापू."

मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, गावात दुसरे कुणाचे जावई आले असतील.

"तार पत्र्याले टेकली हाये," मामी म्हणाल्या. "माह्या दोडक्याच्या वजनानं. मले त्यातलं काई समजत नाई. पन जवापासून टेकली, तवापासून पेटी मुकी हाये. तुमी म्हनत असान त दोडके काढतो."

 मामाजींचं तोंड उघडं राहिलं. मी उठलो, शिडी लावली आणि पत्र्यावर चढलो. तिथं बांबूपासून बांबूपर्यंत ती तार दोडक्यांच्या भारानं पोट सोडून सरळ पत्र्यावर निजली होती. पत्रा लोखंडी खांबांवर ठोकलेला, खांब जमिनीत गाडलेले. नागपूरहून एवढ्या लांब आलेला आवाज आमच्या सासऱ्यांच्या छपरावर उतरत होता आणि कुणाला न भेटता परस्पर जमिनीत जात होता.

मोठ्या रेडिओला कधीच काहीही झालेलं नव्हतं. निदान मी बीबीला येईपर्यंत तरी.

हा विचार पूर्ण करायला वेळ नव्हता, हे त्यातल्या त्यात बरं. मी दोडके सोडून खाली देत गेलो. मामींनी ते पदरात घेतले. एकेका दोडक्यागणिक तार वर उचलली गेली. मी घाईनं खाली आलो, इअरफोन कानात घातला, कॉइलवर बोट फिरवलं आणि कानात एक माणूस अगदी स्वच्छ मराठीत कापसावरच्या किडीबद्दल बोलायला लागला. मी आनंदानं हात वर केला. किडी गेल्या. हात पुन्हा डबीजवळ नेला. किडी आल्या. अशा लहान सेटांची ही खोडच असते. हात जवळ असला की स्टेशन लागतं, हात नेला की जातं. मी विशिष्ट कोनात वाकून, एका हातात डबी धरून, दुसऱ्या हाताचं बोट कॉइलच्या कडेला ठेवून, श्वास बेतानं घेत बसलो तर नागपूर टिकत होतं. थोडक्यात, मी आता सर्किटचा एक भाग होतो.

प्रश्न राहिला ऐकायचं कुणी. आळी सारी जमलेली आणि इअरफोन एक. मामाजी म्हणाले, मान जावयाचा. मी म्हणालो, आईनं ऐकावं. विमलनं इअरफोन माझ्या कानातून काढून मामींना दिला. पण त्याची वायर हातभर, आणि मला हलायची सोय नाही. मामींना माझ्यापासून हातभर अंतरावर, सगळ्या गावासमोर, जमिनीवर बसावं लागलं. म्हाताऱ्यांनी मर्यादेखातर तोंडं फिरवली. मग काय चाललंय ते दिसेना म्हणून परत वळवली.

मामींनी पदराआडून इअरफोन कानाला लावला. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहू लागलो. ऐकायला काहीच नव्हतं, म्हणून पाहत होतो. बराच वेळ काही झालं नाही. किडी चालू असाव्यात. मग त्यांचा पदर सावरणारा हात मध्येच थांबला. पदर जरा वर सरकला आणि आत डोळे मिटलेले दिसले. मी बोट केसभरही हलवत नव्हतो. नाकावर डास बसला होता, तो हवं तेवढं पिऊन गेला.

आणि मामींचे ओठ हलायला लागले. आधी नुसतेच हलले. मग गुणगुण आली. त्यांच्या कानात लेकीचा आवाज भरलेला, त्यामुळे आपण आवाज करतोय हे त्यांना कळतच नव्हतं. पुढच्या ओवीला त्यांचा गळा मोकळा सुटला, पहाटे सुटायचा तसा.

*भाऊ बीबीला निघाला, बैल जुंपले धवळे,*
*वाट पाहू पाहू थकले डोळे, दिस डोंगरी मावळे.*

 भिंतीजवळच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. कुसुम खांब सोडून पुढे आली, आईच्या मागे बसली आणि तिच्या पाठीला गाल लावून हळूच तिच्याबरोबर म्हणू लागली. नागपूरहून येणारं गाणं असं एका कानातून आत जाऊन साऱ्या आळीला ऐकू येत होतं. माझे डोळे भरून आले. पण दोन्ही हात गुंतलेले असल्यानं ते पुसता येईनात. (सर्किटचा भाग असलेल्या माणसानं रडूही नये.)

ओव्या संपल्या. मामींनी डोळे उघडले, समोर सगळं गाव आपल्याकडे पाहतंय असं त्यांना दिसलं, आणि पदर एकदम हनुवटीपर्यंत खाली आला. मामाजींनी खाकरून विचारलं, "कसं झालं व?"

"पोट्टीनं एक ओळ गाळली," पदराच्या आतून उत्तर आलं. "मी भरून घेतली."

लोक उठले. पोती झटकली गेली. एक म्हातारे आजोबा, ज्यांना कानानं कमी ऐकू यायचं, जाताना माझ्यापाशी थांबले. त्यांनी साबणाच्या डबीकडे आदरानं पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, मशीन झकास बनवली. आवाज थेट कुसुमच्या मायसारखा येते."

मी नम्रपणे मान लववली. दुरुस्त करण्याजोगं काही उरलं नव्हतं.

दिवाळीनंतर मामाजींनी बुलढाण्याहून वाल्व बसवून आणल्या. त्या दिवसापासून मामी माझ्याशी सरळ बोलू लागल्या. पुढच्या दिवाळीला आम्ही बीबीला गेलो तेव्हा कोनाडा रिकामा होता. रेडिओ कुठे आहे, मी विचारलं. मामाजी घाईनं कांद्याच्या भावाबद्दल बोलू लागले. कुसुमला एकदम पाणी भरायचं आठवलं. शेजारच्या घरातून बातम्या मात्र अगदी स्वच्छ ऐकू येत होत्या. मी मामींकडे पाहिलं.

"शेजारी ठेवला हाये," मामी शांतपणे म्हणाल्या. "तुमी गेले का आनू परत."